शाळा संपल्यावर पुढे काय? दिव्यांग मुलांचे पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

पालकसभेत, थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी तर जवळपास रोज हे प्रश्न येतात. काहींची उत्तरं लांब आहेत, काहींची दोन ओळींत आटोपतात. पालक आणि शिक्षक दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत.

तयारी कधीपासून सुरू करायची? शेवटच्या वर्षी बघू म्हटलं तर चालणार नाही का?

नाही चालणार. अमेरिकेतल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार मूल १६ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात शाळेनंतरची उद्दिष्टं लिहिलेली असावीच लागतात. इंग्लंडमध्ये ही चर्चा नववीच्या वर्षी, म्हणजे १३-१४ व्या वर्षीच सुरू करायची असते. एवढ्या लवकर का, याचं कारण साधं आहे. एकट्याने प्रवास करायला कुणी दोन महिन्यांत शिकतं, कुणाला दोन वर्षं लागतात, आणि आपलं मूल यातलं कोणतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. उरलेला वेळ कमी असला की शाळा आणि पालक दोघंही मुलाला शिकवायचं सोडून त्याचं काम स्वतः उरकायला लागतात.

घरात तर सुरुवात त्याहून आधी होते. आज कोणता शर्ट घालायचा हे सहाव्या वर्षी कुणी विचारलं नसेल, तर कोणतं काम करायचंय या प्रश्नाला अठराव्या वर्षी उत्तर कुठून येणार?

शाळेत रोज शिकवतातच की. वेगळी तयारी कशासाठी?

शाळा मुलाला नकळत बरंच काही पुरवत असते. दिवसाचं वेळापत्रक, ने-आण करणारी गाडी, ओळखीची माणसं, थेरपी, दुपारचं जेवण आणि ‘आज आला नाही, काय झालं?’ असं विचारणारं कुणीतरी. शाळेच्या शेवटच्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल उठतं, तयार होतं आणि गाडीची वाट बघत बसतं. पुढचे काही महिने ते चिडचिडं झालं, झोप बिघडली, तर ‘वय झालंय, हट्टी झालाय’ असं म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा त्याचा दिवसच रिकामा झालेला असतो.

म्हणून शेवटच्या दोन वर्षांत यातली एकेक गोष्ट शाळेबाहेर उभी करायची. आठवड्यातला एक दिवस कामाच्या ठिकाणी, एक संध्याकाळ शाळेशी संबंध नसलेल्या गटात. थेरपीतले जे व्यायाम घरी चालू राहू शकतात, ते घरी.

मुलाला काय हवंय हे कसं ओळखायचं? आमच्या मुलीला बोलता येत नाही.

बोलता येत नाही म्हणजे सांगता येत नाही असं नव्हे. चित्रांची पाटी, फोटो, खुणा, टॅबलेटवरचं बोलणारं अ‍ॅप, नजरेने दाखवणं, यातलं काही ना काही जमतंच. जे जमतं ते शाळेतच पक्कं करून घ्या, आणि शाळा सोडताना ते साधन मुलीसोबत घरी येईल ना, हेही बघा. शाळेचा टॅबलेट शाळेतच राहतो आणि मुलीचा आवाजही तिथेच राहतो, हे फार ठिकाणी घडतं.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘काम आवडलं ना?’ असं विचारलं तर बौद्धिक अक्षमता असलेली पुष्कळ मुलं ‘हो’ म्हणतात. वर्षानुवर्षं ‘हो’ म्हटल्यावर शाबासकी मिळालेली असते. त्यापेक्षा दोन कामांचे फोटो समोर ठेवा आणि तिला एक उचलू द्या. मग फोटोंची जागा बदलून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा तिने उजवीकडचाच उचलला, तर ती काम निवडत नाहीये, बाजू निवडतेय. दोन्ही वेळा रोपांना पाणी घालण्याचा फोटो उचलला, तर काहीतरी हाती लागलं.

आणि जे काम कधी पाहिलंच नाही त्याबद्दल मत कसं असेल? चार वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन आणा. तिथे ती किती वेळ रमली, कुठे कानांवर हात ठेवले, निघताना मागे वळून कुठे पाहिलं, हे लिहून ठेवा. अशी वही पुढे कुठल्याही अभिरुची चाचणीपेक्षा जास्त कामाला येते.

एखादं काम प्रत्यक्ष शिकवायचं कसं? सांगून सांगून थकलो.

सांगणं थांबवा, हेच पहिलं उत्तर. तोंडी सूचना देणं सगळ्यांत सोपं आणि नंतर काढून घेणं सगळ्यांत अवघड. ‘आता साबण घे, आता झाकण लाव’ असं म्हणणारा आवाज हाच मुलासाठी कामाचा भाग होऊन बसतो. तो आवाज नसला की काम थांबतं.

वॉशिंग मशीनचं उदाहरण घ्या. आधी स्वतः ते काम करा आणि प्रत्येक हालचाल कागदावर उतरवा. दार उघडणं, कपडे आत टाकणं, एखादी बाही बाहेर लोंबत नाही ना बघणं, दार दाबून ‘टक्’ आवाज येईपर्यंत लावणं, पावडर मापून टाकणं, गोल बटण ठरलेल्या खुणेपर्यंत फिरवणं, सुरू करणं. आपल्याला एक वाटणारं काम दहा-बारा पायऱ्यांचं निघतं, आणि मूल नेमकं कुठे अडतं तेही तिथेच दिसतं. बहुतेकदा ती पायरी दार लावण्याची किंवा बटणाची असते. बटणावर रंगीत टिकली चिकटवली की अर्धा प्रश्न मिटतो.

मग शेवटून सुरू करा. आधीचं सगळं तुम्ही करा, सुरू करण्याचं बटण मुलाने दाबायचं. मशीन फिरायला लागलं, काम त्याने पूर्ण केलं. ते पक्कं झालं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. अडलं तर हात धरण्यापेक्षा नुसतं बोट दाखवा, आणि बोट दाखवण्याआधी थोडं थांबा. हे थांबणं आईवडिलांना सगळ्यांत जड जातं.

या पद्धतीवर विश्वास बसत नसेल तर एक जुनी गोष्ट सांगते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकाने मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना १५ भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. शब्दांवर भर न देता, काम पायऱ्यांत तोडून. ज्यांना साधी कामंही झेपणार नाहीत असा समज होता, तीच ही माणसं. शिकणारा शिकत नसेल तर दोष शिकवण्याच्या पद्धतीत शोधा, असं गोल्ड यांचं म्हणणं होतं. शिक्षक म्हणून हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

माझ्या मुलाच्या हालचालींवर खूप मर्यादा आहेत. कपडेसुद्धा दुसऱ्याने घालावे लागतात. त्याच्या बाबतीत स्वावलंबन म्हणजे काय?

एड रॉबर्ट्स यांना लहानपणी पोलिओ झाला. मानेखाली जवळपास पूर्ण पक्षाघात, श्वासासाठी यंत्र. १९६२ साली ते अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दिव्यांगांनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं, आणि १९७५ मध्ये ते कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन विभागाचे प्रमुख झाले. शर्टाची बटणं ते स्वतः लावत नव्हते. शर्ट कोणता, कधी, मदतीला कोण, हे मात्र ते ठरवत होते.

तुमच्या मुलाने शिकायचंय ते मदतनिसाकडून काम करून घेणं. कसं उचलायचं, कुठे दुखतं, काय चाललेलं आवडत नाही, हे नव्या माणसाला सांगणं. हे सरावानेच येतं. घरात आई न सांगताच सगळं ओळखते, म्हणून या सरावाला वावच मिळत नाही. आठवड्यातून एकदा मदत दुसऱ्या कुणाकडून घ्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

एकट्याने प्रवास करायला कसं सोडायचं? जीव घाबरतो.

घाबरणं साहजिक आहे, म्हणूनच टप्प्याटप्प्याने जायचं. आधी सोबत बसून. मग त्याच बसमध्ये चार बाकं मागे. मग तुम्ही उतरायच्या थांब्यावर उभे. मार्ग एकच ठेवा, तोही त्याला खरोखर जायचं असलेल्या ठिकाणाचा. नुसत्या सरावासाठी कुणी बसने फिरत नाही.

रोजचा रस्ता शिकवणं त्या मानाने सोपं. बिघडलेला दिवस शिकवायचा राहून जातो. बस आलीच नाही, थांबा मागे पडला, फोनची बॅटरी संपली. हे प्रसंग मुद्दाम घडवून आणा. ‘थांबा चुकला तर पुढच्या थांब्यावर उतरायचं, तिथेच उभं राहायचं, फोन करायचा’ एवढा एकच नियम पुरतो, पण तो तोंडपाठ असून भागत नाही, दोन-चारदा करून पाहिलेला हवा. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवायचं असेल तर मुलाला सांगून ठेवा.

हिशेब येत नाही, मग पैसे कसे हाताळणार?

बेरीज-वजाबाकी आली नाही तरी पैसे वापरता येतात. सांगितलेल्या रकमेपेक्षा मोठी नोट द्यायची आणि उरलेले परत येईपर्यंत थांबायचं, एवढ्यावर कितीतरी जण नीट खरेदी करतात. आठवड्याच्या खर्चाची वेगवेगळी पाकिटं, खात्यातून काढायच्या रकमेवर मर्यादा, असे उपायही आहेत. पिन कुणालाच सांगायचा नाही, हा नियम शिकवताना ‘कुणालाच’ म्हणजे कुणाला हे नावं घेऊन सांगा. मित्र, शेजारी, फोनवरचा गोड बोलणारा माणूस. आणि थोडे पैसे वाया घालवायची मोकळीक द्या. नको ती वस्तू विकत घेऊन पस्तावणं हा मोठं होण्याचाच भाग आहे.

नोकरी मिळेल का? की शाळेतल्या व्यवसाय प्रशिक्षणावरच समाधान मानायचं?

आधी त्या प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट बोलू. कितीतरी शाळांत मुलगा कुणीही असो, त्याच्या हातात मेणबत्त्या किंवा कागदी पाकिटंच येतात. त्यांचं गिऱ्हाईक कोण? नातेवाईक आणि शाळेचे हितचिंतक. हाताला वळण लागतं हे खरं, पण त्यातून नोकरी क्वचितच मिळते, कारण कामाची जागा म्हणजे नुसतं काम नसतं. वेळेवर पोहोचणं, मधल्या सुटीत कुणाशी तरी बोलणं, रागावलेल्या साहेबासमोर गप्प राहणं, हे शाळेच्या खोलीत शिकवता येत नाही.

म्हणून गेल्या काही दशकांत क्रम उलटा झाला. आधी शिकवून मग कामाला लावण्याऐवजी आधी कामावर नेऊन तिथेच शिकवायचं. १९९६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झालं, ते याच विचारावर. शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी रोज रुग्णालयात जातात आणि वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने काम करतात. पुढे हा नमुना इतर देशांतही गेला. एवढा मोठा कार्यक्रम तुमच्या शाळेला जमणार नाही कदाचित, पण एका ओळखीच्या कार्यालयात आठवड्यातून दोन सकाळ पाठवणं जमेल.

मालकाकडे जाताना ‘एखादी जागा द्या’ असं म्हणू नका. त्यांच्याकडे कोणतं काम पडून राहतं ते बघा. फायली स्कॅन करणं, माल फळीवर तारखेप्रमाणे लावणं, उपकरणं पुसून मोजून ठेवणं. अनुभवी कर्मचारी ही कामं टाळत असतात. अशी तुकड्यातुकड्यांची कामं एकत्र करून एक नोकरी तयार होते, आणि मालकाचाही त्यात खराखुरा फायदा असतो.

जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा माणूस, सोबत जाणार असेल तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. सुपरवायझरला काही सांगायचं असलं की तो कोचकडे बघून बोलतो. कोचने अशा वेळी एक पाऊल मागे सरकायचं आणि मुलाकडे बघायचं. दोन-तीन दिवसांत सुपरवायझरची नजरही तिकडे वळते. कोचची कामगिरी मोजायचीच असेल तर तो किती लवकर अनावश्यक झाला यावर मोजा.

अपंगत्वाबद्दल मालकाला काय सांगायचं, हे मुलानेच ठरवायचं. निदानाचं नाव सांगावंच असं नाही. ‘मला सूचना लिहून दिल्या तर काम चांगलं होतं’ एवढं वाक्य पुष्कळदा पुरतं, आणि ते मुलाला स्वतःला म्हणता यायला हवं.

कॉलेजला गेला तर शाळेसारख्या सोयी मिळतील?

आपोआप नाही. शाळेत सोयींची काळजी शाळा आणि पालक घेतात, कॉलेजात विद्यार्थ्याने स्वतः मागावं लागतं. लेखनिक, जादा वेळ, सांकेतिक भाषेचा दुभाषा, व्याख्यानाची टिपणं, हे कुणाकडे आणि परीक्षेच्या किती आधी मागायचं, हे प्रवेश घेतानाच विचारा. अंध विद्यार्थ्यांनी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, शाळेतच हातात बसवून घ्यावा. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात विषय आणि सॉफ्टवेअर दोन्ही एकदम शिकण्याची वेळ येऊ देऊ नका.

१८ वर्षं पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्व घ्यावंच लागतं का?

सरसकट नाही. या वयाला मूल कायद्याने सज्ञान होतं. बँक, डॉक्टर, कॉलेज यांनी त्याच्याशी थेट बोलावं अशी अपेक्षा असते, आणि ‘मी आई आहे’ म्हणणं अचानक पुरेनासं होतं. घाबरून पालक संपूर्ण पालकत्वाचा अर्ज करतात. त्याने एका सहीत मुलाचे सगळेच निर्णय त्याच्या हातातून जाऊ शकतात.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं कलम १२ सांगतं की कायद्यापुढे दिव्यांग व्यक्तीची निर्णयक्षमता इतरांइतकीच मानली पाहिजे आणि ती वापरायला लागणारी मदत तिला मिळाली पाहिजे. स्वीडनने कुणाला अक्षम ठरवून हक्क काढून घेण्याची पद्धत १९८९ मध्येच बंद केली. पेरूने २०१८ मध्ये दिव्यांगांसाठीची पालकत्वाची व्यवस्था मोडीत काढून साहाय्याने निर्णय घेण्याची व्यवस्था आणली. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळासाठी आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून.

अर्ज करण्याआधी एक यादी करा. कोणते निर्णय तो स्वतः घेऊ शकतो, कोणत्यांत कुणी समजावून सांगितलं तर पुरतं, आणि कोणत्यांत खरंच दुसऱ्याने सही करायला हवी. तिसरा रकाना बहुतेक घरांत अपेक्षेपेक्षा छोटा निघतो. मग त्या रकान्यापुरता उपाय शोधा. संयुक्त खातं, मुखत्यारपत्र, किंवा डॉक्टरांशी बोलण्याची लेखी परवानगी. कागद करताना वकिलाचा सल्ला घ्या, कारण नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत.

डॉक्टर बदलावे लागतात का?

लागतात. बालरोगतज्ज्ञ एका वयानंतर बघत नाहीत आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना जुना इतिहास ठाऊक नसतो. निदान, औषधं, अ‍ॅलर्जी, दुखलं तर मूल ते कसं दाखवतं आणि तपासताना काय केल्याने घाबरतं, हे सगळं एका पानावर लिहा. पहिल्या भेटीतली निदान पाच मिनिटं डॉक्टर आणि मुलगा दोघंच बोलतील असं बघा. गोळ्यांची साप्ताहिक डबी मुलानेच भरायची, तुम्ही फक्त नजर टाकायची.

वयात येणं, आकर्षण, लग्न या विषयांवर बोलायला संकोच वाटतो. बोललंच पाहिजे का?

हो. गप्प राहिल्याने शरीर वाढायचं थांबत नाही. ज्या मुलीला अवयवांची नावं माहीत नाहीत, तिच्यावर अत्याचार झाला तर ती तो सांगणार कशी? मोठ्यांचं सगळं निमूट ऐकायचं असं शिकवलेल्या मुलाला ‘नको’ म्हणायचं बळ कुठून येणार? खासगी जागा कोणती, स्पर्शाला परवानगी कशी विचारायची, समोरच्याने नाही म्हटलं तर काय करायचं, हे चित्रांसह, पुन्हा पुन्हा आणि सरळ शब्दांत शिकवा. लाडाचे गोलगोल शब्द इथे घात करतात. आंघोळ, पॅड बदलणं, दाढी यांत मदत लागत असेल तर मदत करणारं माणूसही दार वाजवून आत यावं.

लग्न आणि कुटुंब हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारातल्या कलम २३ मध्ये मान्य केलेला आहे. तुमचं मूल लग्न करेल की नाही मला ठाऊक नाही, पण ‘तुला काय करायचंय त्याचं’ हे उत्तर त्याला देऊ नका.

आमच्यानंतर याचं कसं होणार?

हा प्रश्न सहसा मुलाखत संपल्यावर, दाराशी उभं राहून विचारला जातो. उत्तर म्हणून बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी असतात, भावंडं आणि पैसा.

भावंडांना गृहीत धरू नका, त्यांना विचारा. बहीण राहायला घेणार नाही, पण पैशांचे व्यवहार आनंदाने बघेल. चुलतभाऊ दर रविवारी फिरायला नेईल, रुग्णालयात थांबणं मात्र त्याला जमणार नाही. कोण काय करेल ते तुम्ही असताना, सगळ्यांसमोर आणि मुलासमोरही बोलून घ्या. एकाच माणसावर सगळं सोपवलं की तो दमतो किंवा दुसऱ्या गावी जातो. चार-पाच जणांत वाटलेलं टिकतं.

पैशाची सोय जरूर करा, पण त्यासोबत एक पत्रही लिहा. मुलाचा दिवस कसा जातो, झोपताना दिवा लागतो का, कोणत्या गोष्टीने शांत होतो, त्याचे मित्र कोण, काय अजिबात चालत नाही. जे इतकी वर्षं तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरलं नाही तर पुढच्या माणसाला चाचपडत शिकावं लागतं, आणि त्या काळाचा त्रास मुलाला भोगावा लागतो. दर वाढदिवसाला पत्र दुरुस्त करा.

आणि सराव करा. तुमच्याशिवाय एक रात्र, मग दोन दिवस, मग एक आठवडा. आई गेल्याच्या दिवशीच पहिल्यांदा अनोळखी अंथरुणात झोपायची वेळ कुणावरही येऊ नये. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं, हे निवडण्याचा हक्क करारातल्या कलम १९ ने दिलाय. म्हणून वसतिगृह किंवा गटनिवास बघायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या. तिथे राहणाऱ्यांना विचारा, रात्री भूक लागली तर स्वयंपाकघरात जाता येतं का. या एका उत्तरावरून त्या जागेबद्दल पुष्कळ कळतं.

शाळा सोडताना शाळेकडून काय काय घ्यायचं?

शेवटचा मूल्यमापन अहवाल, प्रमाणपत्रांच्या प्रती, परीक्षेत मिळालेल्या सवलतींचं पत्र, संवादाच्या साधनातली चित्रं आणि शब्द, आणि कामाच्या अनुभवाचं पत्र. यासोबत एक पान असं मागा, ज्यावर ‘काय जमतं, कशा मदतीने जमतं’ एवढंच असेल. ‘काय जमत नाही’ यावर पानंच्या पानं तुमच्याकडे आधीच असतील. शेवटच्या बैठकीला मूल हजर हवं, आणि निदान पहिलं वाक्य त्याचं हवं. शब्दांत असो वा फोटो दाखवून.

आमच्या मुलाची शाळा संपून पाच वर्षं झाली. तो घरीच असतो. आता उशीर झाला का?

पंचविशीत आणि पस्तिशीतही माणसं नवी कामं शिकतात. एवढ्या वर्षांत घर त्याच्याभोवती आणि तो घराभोवती बसलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला विरोध होईल, बहुधा दोघांकडूनही. एकदम नोकरी शोधू नका. आठवड्यातली एक ठरलेली वेळ, घराबाहेरची एक ठरलेली जागा आणि घरचं नसलेलं एक माणूस, एवढ्यापासून सुरू करा. जागा कोणती ते त्याला निवडू द्या. पहिल्या दोनदा तो दारातूनच परत फिरला, तरी तिसऱ्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा निघा.